आठशे मीटर, सहा वेळा

मी धावत नाही. मी उभा असतो
डिझेलच्या धक्क्यापाशी, थर्मास काखेत,
आणि तिच्या कारखान्यातून आणलेली जुनी वही.
रकान्यांवर छापलंय: पेटी क्रमांक, वजन, शेरा.
पेटी क्रमांकाखाली मी लिहितो कितवी फेरी,
वजनाखाली मिनिटं, सेकंद.
शेरा कोराच.

सुन्वा चर्चच्या भिंतीपासून सुटते.
तिथून इथवर आठशे मीटर. आम्ही दोघांनी
उन्हाळ्यात नायलॉनच्या दोरीनं मोजलेत,
तेव्हा म्हातारा हानुस खिडकीतून ओरडला होता,
"रस्ता विकायला काढलात की काय?"
क्लाक्सविकमध्ये कुणी काही मोजायला लागलं
की लोकांना वाटतं, कुंपण येणार.

गेल्या वर्षी दहा किलोमीटर:
पन्नास मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.
त्या एक्केचाळीस सेकंदांत
मी फेरीबोटीचा दोर एकदाच खुंटाला गुंडाळू शकतो,
तिच्या सुरीखालून नऊ सॅमन सरकतात.
तिला ते पुसून टाकायचेत. वय सत्तेचाळीस.
"का" असं मी एकदाच विचारलं.
ती बुटाची नाडी बांधत होती,
ती बांधतच राहिली.

तर हिशोब असा: आठशेला चार मिनिटं.
येताना वारा पाठीशी, जाताना थेट तोंडावर.
पहिली फेरी खुशामत करते,
तीन-एक्कावन्न, जणू गावच उताराला लागलंय.
दुसरी तिची खोड मोडते.
चौथीनंतर चेहरा दिसत नाही,
फक्त दिव्याच्या खांबाखाली येऊन विझणारी
पिवळी बनियन, आणि धाप,
जी पावलांच्या आधी पोचते.

घड्याळ ती बांधत नाही.
मनगटाकडे पाहिलं की पाऊल अडखळतं म्हणते.
म्हणजे वेळ माझ्यापाशी असतो,
आणि तिचा माझ्यावर भरवसा.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
सहावीला वारा असा होता
की पाठीमागच्या डोंगरावरचे धबधबे उलटे वर उडत होते.
दोन पाळ्या करून आली होती ती.
चर्चपाशी गुडघ्यांवर हात टेकून उभी,
दूरवरून तिचा हात वर झाला तेव्हा काटा होता चार-नऊवर.
मी चालत गेलो. म्हणालो, चार-एक.

ती काही बोलली नाही.
घरी येऊन बटाटे सोलले,
वाळवलेल्या मटणाच्या पातळ कापा काढल्या,
मुलीशी फोनवर कोपनहेगनच्या भाड्याबद्दल बोलली.
मग ताटावरून मान वर न करता म्हणाली,
"चार-नऊ. फार तर चार-दहा.
माझ्या पायांना मोजता येतं.
काट्यावर अंगठा ठेवणाऱ्याला
आमच्याकडे त्याच दिवशी घरी पाठवतात."

मी वही आणली, तिच्यासमोर खोडलं.
तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात वारा लिहितो:
वायव्य, खवळलेला.
वायव्य, जरा माणसात.
पश्चिम, गारा.
जानेवारीत एकदा: नाही.
त्या संध्याकाळी सहाही फेऱ्या चारच्या आत-बाहेर
दोन सेकंदांत बसल्या,
आणि ती चिडचिडत घरी आली,
कुणीतरी फुकट दिलेलं घेतल्यासारखी.

शर्यत जूनमध्ये आहे. अजून झालेली नाही.

पण एक सांगायचं राहिलं.
मार्चमध्ये ती रात्रपाळीला असताना
मी थर्मास भिंतीवर ठेवला
आणि चर्चपासून सुटलो, बोटीवरच्या बुटांत.
हानुसच्या खिडकीखालून जाताना
कुत्रं भुंकलं, दिवा लागला, मी थांबलो नाही.
धक्क्यावरच्या खुंटाला मिठी मारून
कितीतरी वेळ समुद्राकडे तोंड करून उभा होतो.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: पाच-सदतीस.
पेटी क्रमांक दिला नाही.

आठवड्यानं पान उघडलं तर
शेऱ्यात पेन्सिलनं, तिच्या तिरक्या अक्षरात:
"वारा पाठीशी होता."