सेफ मोड

कॅपॅसिटर फुगले होते, भिजत घातलेल्या चण्यांसारखे.
इनासने टॉर्च मारून दाखवलं.
"पळयात. दमट हवा. आनी तुमची उदबत्ती."
मी म्हटलं, बोर्ड बदल,
पण आतलं काही पुसू नकोस.

फोंड्यातले सगळे सांगत होते, नवीनच टाका, स्वच्छ.
स्वच्छ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
स्वच्छ म्हणजे बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
जत्रेची हँडबिलं, बाराव्याची कार्डं,
आणि उघडल्यावर नुसत्या चौकोनांच्या रांगा.
त्या फॉन्टची कंपनी आता नाही.
सीडी होती, ती सासऱ्यांनी
पपईच्या झाडाला टांगली, वटवाघळांसाठी.
अजून फिरते तिथे, ऊन लागलं की भिंतीवर रंग पाडते.

जुना बोर्ड अर्धा तास चालायचा,
तापला की मान टाकायचा.
त्या अर्ध्या तासात इनासने
एकेक ड्रायव्हर काढला,
आवाजाचा, चित्राचा, नेटवर्कचा.
निघण्याआधी ओळखीचे हात सोडायला
असं कुणाला शिकवताना
मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग पोट उघडलं. नऊ स्क्रू करवंटीत.
डिस्क पंचाच्या घडीवर ठेवली,
तळहाताएवढी,
आणि सगळं दुकान तिच्यात.

आमचा देव नदीपलीकडचा.
रात्री होडीत घालून आणला म्हणतात,
साडेचारशे वर्षं झाली असतील.
डोंगर नवा, तळी नवी,
पालखीचा रस्ता नवा.
पहिल्या रात्री देवाला काय वाटलं
हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.
नव्या बोर्डावर पहिल्यांदा बटण दाबलं
आणि निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं कोसळली
तेव्हा मला वाटलं, हेच असावं.

"रावात मातशें," इनास म्हणाला.
सेटिंगमध्ये शिरला, डिस्कशी बोलायची
जुनी पद्धत शोधून काढली.
दुसऱ्यांदा निळा नाही, काळा आला.
चारी कोपऱ्यांत तेच दोन शब्द,
सेफ मोड, सेफ मोड, सेफ मोड, सेफ मोड,
वास्तूच्या चार दिशांना ठेवलेल्या नारळांसारखे.
मग खाली उजवीकडे, थांबत थांबत:
नवं हार्डवेअर सापडलं.
नवं हार्डवेअर सापडलं.
भाड्याच्या खोलीत पहिल्या सकाळी
दिव्यांची बटणं शोधावीत तसं.

घड्याळ दाखवत होतं
एक जानेवारी दोन हजार नऊ.
त्या तारखेला सासरे होते.
याच खुर्चीत, चष्मा कपाळावर.
इनास तारीख सुधारायला गेला.
थांब जरा, मी म्हटलं.
मग म्हटलं, हं. कर.

आता त्याला खात्री हवी होती, आम्ही आम्हीच का.
केबिनेटवरचा स्टिकर पुसट झालेला,
फोनवर चोपन्न आकडे सांगायचे.
समोर स्टँडवर कंडक्टर "पणजी पणजी पणजी",
मी दोनदा चुकले.
शेवटी पलीकडच्या बाईच्या आवाजातलं यंत्र म्हणालं,
ही प्रत किती संगणकांवर आहे?
एक.
ऐकू आलं नाही असं म्हणालं.
करवंटीत एक स्क्रू उरला होता,
टेबलावर जुना बोर्ड पालथा.
एक, मी म्हटलं. एकच.

मग एक पत्रिका उघडली, दोन हजार सहाची, कवळेकरांकडची.
चौकोन नाहीत.
वर मधोमध श्री, सासऱ्यांनी स्वतः काढून
आल्ट एकशेसदुसष्टवर बसवलेली,
आधीपासूनच जरा डावीकडे कललेली.
तशीच कललेली.

प्रिंटरला मात्र अजून ओळखत नाही.
इनास बुधवारी येतो म्हणालाय.