कळ सरकली

दुपारी बेंबीपाशी होती.
पुनाजीने ओवा चावला, सोलाचं पाणी प्यायला,
म्हणाला, खुबे बाधले गं, दुसरं काय.

दिवेलागणीला ती उजवीकडे उतरली,
जांघेच्या जरा वर,
आणि तिथेच नांगर टाकून बसली.
अंगात कणकण. पेज नको. उभा राहिला तर वाकडा.
मी शेकायची पिशवी भरली,
मग मोरीत ओतून टाकली.

दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोट आमच्यासाठी थांबली.
पलीकडे स्कूटर खड्ड्यात गेली की
मागून माझ्या खांद्यात नखं.

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी पोट हळूहळू दाबलं.
हा गप्प.
हात झटकन उचलला,
तेव्हा ओरडला.

‘सोडताना जास्त ना?’
एवढंच विचारून त्यांनी
सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

घड्याळात बारा.
आमची शेवटची फेरी सुटली असणार.