न नेलेल्या पदव्या

परीक्षा भवनाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली
एक लोखंडी कपाट आहे.
चौदा वर्षं त्याची किल्ली माझ्या करदोट्याला.
आत पदव्या.
कोणीच न नेलेल्या.

बाहेर अमरावती रोड शेहेचाळीस अंशांत मऊ पडलेला,
मी सकाळीच कूलरमध्ये दोन बादल्या ओततो,
वाळ्याचा ओला वास रजिस्टरांना लागतो,
आणि उन्हाळी परीक्षेची पोरं खिडकीत तोंड घालून विचारतात,
"फेरतपासणीचं काय झालं जी?"
येईल, म्हणतो मी.
या विद्यापीठात सगळं येतं बापा,
ज्याच्या त्याच्या हयातीत येईल
एवढीच हमी नाही.

वरच्या खणातला कागद जाड, कापडासारखा.
त्यावर जबलपूरची पोरं, रायपूरची पोरं.
एवढा पसारा होता एकेकाळी आमचा.
मग एकेक भाऊ वेगळा निघाला.
अमरावतीच्या वाटणीला ट्रक भरभरून दप्तर गेलं,
असं भोजापुरे बाबू सांगायचे
आणि सांगताना खर्ऱ्याची पुडी सोडायचे.
गडचिरोलीच्या वेळी गठ्ठे मीच बांधले,
सुतळीनं बोटं कापली.
मधे शिक्काही बदलला,
नावाच्या पुढे खंजिरीवाला संत येऊन बसला,
तर महिनाभर रांग:
"आमची जुनी पदवी आता चालते ना?"
चालते, चालते.
कॉलेजं गेली, इमारती गेल्या,
हे कपाट तेवढं कोणीच मागितलं नाही.

धनराज झोडे, बी.ए., हिवाळी १९६४.
अर्जावरच्या सहीत 'ड'ची शेपटी ओळ सोडून खाली गेलेली.
कुठं गेला असेल?
वहीदा कुरेशी, बी.टी., प्रथम श्रेणी.
पत्ता मोमिनपुरा, मग खोडून कामठी, मग तोही खोडलेला.
नाव लिहिणाऱ्याचा हात सगळीकडे एकच,
कुठेही थरथरलेला नाही.

मागच्या मे महिन्यात फर्मान निघालं:
यादी करा, स्कॅन करा, कपाट मोकळं करा.
त्याच आठवड्यात बाई आल्या.
पांढरं नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट,
हातात पाण्याची बाटली, तिला ओला रुमाल गुंडाळलेला.
रायवंती कुमरे. एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र, १९७३.
"पंधरा रुपये फी होती," म्हणाल्या,
"माझ्याजवळ पंधराच होते,
पण ते धानोऱ्याच्या गाडीचे होते."
मग?
"मग काय. गुणपत्रिकेवर आश्रमशाळेत लागले.
पदवी कोणी मागितलीच नाही."

त्या आधी विभागात जाऊन आल्या होत्या.
तिथल्या कपाटात पन्नास वर्षांपूर्वीची फांदी
अजून कागदाला टाचलेली:
चारोळी, धानोरा, नाल्याकाठ,
संकलक आर. कुमरे.
"पानं तपकिरी झाली, पण शिरा दिसतात," म्हणाल्या.
"अक्षर माझंच. तेव्हा बरं होतं."

मी पदवी काढून पुढे ठेवली.
त्यांनी आधी हात रुमालाला पुसले.
नावावरून बोट फिरवलं, पण कागदाला न लावता,
वरून, एक बोटभर अंतरावरून.
मग पुन्हा माझ्याकडे सरकवली.
"राहू द्या जी इथंच.
आमच्या घरी वाळवी आहे."

मी सांगून पाहिलं, नियमात बसत नाही,
कपाट मोकळं करायचं आहे.
त्या हसल्या.
"किती वर्षं झाली म्हणालात, मोकळं करताय ते?"

रजिस्टरात दोनच रकाने छापलेले:
नेली. नाही नेली.
त्या सही करून उन्हात निघून गेल्या.
बराच वेळ पेन धरून बसलो,
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडू लागला.
मग दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं:
पाहिली.

साहेबांनी त्याला लाल गोल केला आहे.
खुलासा मागितलाय.