सोळापट

सकाळी पहिलं काम : तीन लिटरची पिचकारी
यंत्राला जोडून पुढे-मागे ढकलायची.
त्याने तीन म्हटलं की दिवस सुरू.
आज दोन पूर्णांक सत्त्याण्णव म्हणालं. चालतं.

परळ, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
इथवर पोचणारा प्रत्येकजण
निम्मी तपासणी जिन्यातच देऊन येतो.

शेवंताबाई गोरिवले, वय अठ्ठावन्न.
लालबागला मिरची कांडपावर एकतीस वर्षं.
पिशवीत केसपेपर, जेवणाचा डबा,
धुऊन धुऊनही तांबूस राहिलेला रुमाल.
त्यांनी तो झटकला आणि शिंक मला आली.
"बघ," त्या म्हणाल्या,
"आणि मलाच विचारतात, कशानं होतं."

काचेची कॅबिन पाहून त्या जरा मागे सरल्या.
"ह्यात बसवून दार लावणार?"
हो. नाकाला चिमटा, गालांवर दोन्ही तळवे,
तोंडात ही नळी.
"फुंकणी म्हण की."
उलटसुलट करून पाहिली त्यांनी.
"गावची लोखंडी होती.
सासू म्हणायची, जाळ दिसेपर्यंत फुंक."

मी गप्प. बारा वर्षं मी तेच ओरडते आहे इथे,
फुंका, अजून, अजून, थांबू नका,
कुठलाही जाळ न दाखवता.

पण आजची तपासणी जोराची नाही.
आज नुसतं धापायचं, हलकं,
सावलीत बसलेल्या कुत्र्यासारखं
(मी असंच सांगते, अजून कुणी रागावलेलं नाही).
मग मी झडप पाडते.
हवा येत नाही, जात नाही,
आणि माणसानं तरी धापत राहायचं
बंद दारावर, दोन-तीन सेकंद.
तेवढा वेळ काचेतून त्यांचे डोळे माझ्यावर.

छातीने किती ओढलं, कॅबिनमधली हवा किती दबली,
यावरून पडद्यावर रेघ उमटते.
वाट मोकळी असेल तर रेघ उभी.
त्यांची आडवी होत होत निजायला आलेली,
आणि श्वास सोडतानाच्या बाजूला पोट सुटलेलं तिचं.
शून्य पूर्णांक बासष्ट.
याच्या निम्मा असता तर मी काही बोलले नसते.

"श्वास घ्यायचं काही नाही गं. सोडायचं.
आत आहे तोच जात नाही, नवा कुठं घेऊ?"

मी म्हटलं, आतली नळी निम्मी झाली
की जोर दुप्पट नाही लागत. सोळापट.
त्यांना नवल वाटलं नाही.
"चाळणीच ती.
जाड चाळणीतनं मिरची आपसूक पडते.
वस्त्रगाळ मागितली गिऱ्हाईकानं, की हात तुटला."
शिकाऊ डॉक्टरांना मी फळ्यावर
चौथा घात लिहून दाखवते दरवर्षी.
चाळणी सुचली नव्हती.

औषधाचे चार फवारे, पंधरा मिनिटं बाकावर.
खिडकीसमोर टॉवर चढतोय, हिरवी जाळी लावून,
तरी गजांवर बोट फिरवलं की सिमेंट.
त्यांनी डबा उघडला. सुकट, भाकरी.
अर्धी मला. नको म्हणता आलं नाही.

पुन्हा कॅबिन, पुन्हा झडप.
सत्तेचाळीस. सुटली थोडी, मी म्हटलं, थोडीच.
"तुझा किती?"
नॉर्मल.
"आकडा विचारला मी."

दर सोमवारी मी स्वतः बसते काचेत,
यंत्र खरं बोलतंय ना ते पाहायला.
वहीत बारा वर्षांचे सोमवार.
पहिल्या पानावर शून्य पूर्णांक अठरा.
गेल्या सोमवारी सव्वीस,
पुढे माझ्याच अक्षरात शेरा : यंत्र तपासावे.
कंपनीचा माणूस काल येऊन गेला.
यंत्र ठीक आहे.

सव्वीस, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, जशी मी हलवते लोकांसमोर,
आणि तो तांबूस रुमाल
पिशवीत खाली, डब्याखाली दाबून ठेवला.

निघताना शिकवलं त्यांना :
नाकाने घ्या, ओठ गोळा करा, हळूहळू सोडा.
मी कठड्यावरून पाहत होते.
दर चार पायऱ्यांना त्या थांबत
आणि रिकाम्या जिन्यात
ओठ गोळा करून फुंकत.