वाटणी न झालेली डिस्क

वासा शहरात, जिल्हा रुग्णालयाच्या तळघरात
रात्री दोनला गुनेव्ही स्नोरे लॉग वाचते.
लूप सात : पार्टिशन टेबल अनोळखी.
लूप आठ : पार्टिशन टेबल अनोळखी.
डीएम तीन : तेच.
कर्नल नव्या तलाठ्यासारखा दारोदार जातो,
वाटणीपत्र दाखवा म्हणतो,
आणि घर म्हणतं, अहो, आमच्यात वाटणीच नाही,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फाइलसिस्टिम,
एकच चूल.
तो लिहून घेतो : कागद सापडला नाही.
उद्या पुन्हा येतो.

खोटं बोलत नाही तो, हीच पंचाईत.
या डिस्कना लोखंड नाही, फिरती तबकडी नाही;
मोठ्या डिस्कच्या पोटातली एकेक फाइल,
तिला डिस्क म्हणायचं एवढंच ठरलेलं.
रोज पाचला बॅकअपसाठी चाळीस जन्मतात,
सहाच्या आत चाळीस जातात,
आणि प्रत्येकीच्या बारशाला कर्नल ओरडतो
की सटवीनं हिच्या कपाळी काहीच लिहिलं नाही.

आधीचा योरान निवृत्त होताना म्हणाला होता,
लक्ष देऊ नकोस, मी अकरा वर्षं दिलं नाही.
गुनेव्हीला ते जमत नाही.
दुर्लक्ष करायचं तरी रोज वाचावं लागतं.

आज ती त्याला गप्प करणार आहे.
लूप जन्मतानाच सांगायचं, हिच्यात रेघा शोधू नकोस;
उरलेल्यांसाठी लॉगच्या तोंडाशी एक गाळणी.
पण ज्याला गप्प करायचं
त्याचं एकदा सगळं ऐकून घ्यावं,
असं तिचा बाप सांगायचा
(स्वतः कुणाचं ऐकत नसे).
तीनशे बारा ओळी. कॉफी गार.
दोनशे सातवी वेगळी निघाली :

व्हीडीबी : पहिल्या शीर्षकाच्या मते
शेवटचं शीर्षक डिस्कच्या शेवटी नाही.

हिवाळ्यात बर्फावर घसरलेल्यांच्या
मनगटांची, खुब्यांची चित्रं मावेनात
म्हणून कुणीतरी ही डिस्क वाढवली
आणि शेवटचा दगड जुन्याच शेवटावर राहिला.
त्यापुढे दोनशे गिगाबाइट मोकळं रान,
कुणाच्याच नावावर नाही.

दगड म्हटल्यावर तिला दगडच आठवतो.
रिप्लॉटपलीकडचं बापाचं बेट.
तिथे जमीन समुद्रातून वर येते,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढी;
बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली
तरी पाठ अजून सरळ होते आहे.
आजोबांनी पाण्याच्या काठाशी रोवलेली हद्द
आता आल्डरच्या झाडीत, काठापासून साठ पावलं आत,
वर शेवाळ, शेजारी रास्पबेरी.
बाप जाऊन चौथं वर्ष.
भाऊ टोरोल्फ सामुद्रधुनीपलीकडे, उमेओला.
दर वसंतात कचेरीचं पत्र येतं, वाटणी झाली का?
दोघं दोन देशांत
आपापल्या ड्रॉवरमध्ये ते सरकवतात.
भांडण नाही.
होडी एक, सौना एक,
किल्ली पायरीखालच्या कॉफीच्या डब्यात.

ती आधी व्हीडीबीची प्रत काढून ठेवते.
मग एकच आज्ञा : शेवटचं शीर्षक खऱ्या शेवटाला ने.
अर्धा सेकंद.
माणसांच्या जमिनीला याला मोजणीदार लागतो,
चार साक्षीदार, आणि एक काका जो सही करत नाही.

गाळणी लिहिताना तिनं दोनदा तपासलं :
फक्त ‘अनोळखी’ अडव.
‘शेवटी नाही’ म्हणणारा कुणी आला
तर त्याला आत सोड, रात्र असली तरी.

वर आली तेव्हा पार्किंगमध्ये उजेड,
जूनमध्ये तो जातोच कुठे.
टोरोल्फला लिहिलं : शनिवारी ये.
वाटणीचं नाही. दगड कुठे आहे
एवढं बघून येऊ.
तिकडे घड्याळ एक तास मागे, तो झोपलेला.

पाच वाजता तळघरात चाळीस डिस्क जन्मल्या.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.