एकच रेघ

भवानी पेठेतली बेकरी पहाटे तीनला पेटते.
सव्वाचारला मुबीननं माझं शटर वाजवलं,
हातात मैद्याचं रिकामं पोतं
आणि पोत्यात दीड महिन्याचं पिल्लू.
"मॅडम, ही खारी. रात्रीपासून मागून नुसतं पाणी जातंय."

चार होती, म्हणाला, भट्टीमागच्या उबेत जन्मलेली.
ट्रेमधून जे निघेल ते नाव ठेवलं:
खारी, टोस्ट, बटर, नानकटाई.
टोस्ट परवा गेली. बटर काल.
सांगताना तो बोटांवरचं सुकलेलं पीठ खरवडत होता.

हिरड्या पाहिल्या, पांढऱ्या, चिकट.
मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली
तर ती तशीच उभी, छोट्या तंबूसारखी.
शीर सापडेना. तिसऱ्या सुईला सापडली.
सलाइन सुरू केलं, पट्टीवर थेंब टाकले
आणि घड्याळाकडे बघत बसले.

दहा मिनिटं.
पंधरा वर्षं मी ही पट्टी वाचतेय.
दोन रेघा म्हणजे पार्व्हो. तो ओळखीचा वैरी,
त्याच्याशी कसं भांडायचं ते हातांना पाठ आहे.
आज एकच रेघ.

"निगेटिव्ह? म्हणजे बरंच झालं ना, मॅडम?"
त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला
तो विझवायचे पैसे मी फीमध्ये धरत नाही.
म्हटलं, अरे, चोर तो नव्हे एवढंच कळलं.
घर फुटलंय ते फुटलंयच.

नमुना थर्मासमध्ये, बर्फात.
औंधच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं,
कुल्फी का हो?
हो म्हटलं.

कुंदा गोडांबे माझ्या वर्गातली,
आता दिवसभर न दिसणाऱ्या गोष्टींकडे बघते.
हल्ली नवीन नवीन सापडतात गं, म्हणाली.
नवीन म्हणजे, असतीलही आधीपासून,
आपण दिवा आत्ता लावला.
एकाला पाच-सहा टोकं, म्हणून त्याचं नाव ताऱ्यावरून.
एकाच्या पोटातला धागा गोल, म्हणून वलय.
मुकुटवाला तर आता शेंबड्या पोरालाही माहीत.
मला मुबीन आठवला.
समोर जे दिसेल त्यावरून नाव ठेवायचं,
आणि नाव ठेवलं की वाटतं, आपलं झालं.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला.
तारा आहे. वलयही आहे.
खाली बारीक अक्षरांत:
हे निरोगी कुत्र्यांतही आढळतात,
आजाराशी संबंध सांगता येत नाही.
पिल्लांच्या आईच्या नमुन्यातही तेच दोघे,
आणि ती बेकरीच्या पायरीवर
कालचा ब्रून पाव दोन पायांत धरून
खुशाल कुरतडत होती.

तोवर खारी उठली होती.
पाचव्या दिवशी तिनं सलाइनची नळी चावली
तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली.
ती का उठली, तेही कागदावर नाही.
नानकटाईला तर काही झालंच नाही.
तेही नाही.

मुबीननं रिपोर्ट उलटसुलट करून बघितला.
"मग टोस्ट कशानं गेली?"
मी दोन्ही नावं सांगितली. तो थांबला.
बहुतेक पुढचं ऐकायला.
पुढचं माझ्याकडे नव्हतं.
मग खाकी पुडी पुढे केली, गरम होती.
हात दोनदा धुऊन मी एक खारी खाल्ली,
पापुद्रे साडीभर सांडले.

जाताना त्याला म्हटलं,
भट्टीमागची फरशी ब्लीचनं पूस,
दहा मिनिटं ओली ठेव, मग धू.
पुढची वीण तिथंच होणार.

"कोणासाठी पुसायचं मॅडम? सापडलं तर कोणीच नाही."

जो कोण असेल त्याच्यासाठी, म्हटलं.
कोपरेही पूस.