साळसूद पोलाद

एलिओ चेन्ताझ्झो पोलादाला नाव विचारत नाही.
चाकावर धरतो, एकदाच, निमिषभर.
ठिणग्या लांब उडून टोकाला झुडपासारख्या फुलल्या
तर कार्बनचं.
आखूड, तांबूस, मधेच विझल्या
तर क्रोमियम भरपूर; गंजणार नाही.
"आणि हे पावडरचं," नव्या पात्याकडे तो हनुवटी करतो,
"याला धार लावायची म्हणजे
रुसलेल्या जावयाची समजूत काढणं. अख्खी दुपार जाते."

मानियागोत, कोल्वेराच्या काठी,
त्याच्या दुकानात मी तीन वर्षं झाडते, तेल घालते,
आणि त्याची नजर अधू झाल्यापासून
ठिणग्या मोठ्याने वाचून दाखवते.

मंगळवारी ओत्ताविया आली,
नवऱ्याचा खिशातला चाकू रुमालात बांधून.
दोरीनो जाऊन सहा आठवडे झालेले.
शिंगाची मूठ, अंगठ्याच्या जागी खोलगट;
पातं झिजून झिजून वालाच्या शेंगेएवढं.
"फक्त धार. मी कधी उघडलाही नाही हा.
बावीस वर्षं रोज याने तो सफरचंद कापायचा,
मीच द्यायचे डब्यात,
डॉक्टरांनी सलामी बंद केली तेव्हापासून."

एलिओने पातं खिडकीशी नेलं, मग माझ्या हातात दिलं.
कार्बनचं. आपण होऊन बोलत नाही,
पण विसरतही नाही:
सफरचंदाने करडं, ढगाळ होतं,
लिंबाने तर एका रात्रीत काळं.
इथे करडं कुठेच नव्हतं.
मोरपिशी निळा, कडेला जांभळट,
पार टोकापर्यंत.
मांसाचा रंग.

एलिओ पट्ट्याला तेल लावण्यात
एकाएकी फार गुंतला होता.

"काय दिसतंय?"
"पाणी छान दिलंय," मी म्हणाले.
"मुली, माझा बाप याच गावात पाती घासायचा.
निळं कशाने होतं ते मला शिकवू नकोस."
मग हसली, इतकी की तिला काउंटर धरावा लागला.
"आणि सफरचंदं? आठ हजार सफरचंदं?"
कुणालाच माहीत नव्हतं.
पुलाशी बांधलेलं ते गाढव, कदाचित.
फार गुटगुटीत होतं.

एलिओने फळीवरून एक चाकू काढून पुढे सरकवला.
चारशेवीस नंबरचं पोलाद:
स्वस्त, चकचकीत, साळसूद.
"यावर काही उमटत नाही. माझ्याकडून भेट."
"आता कुणासाठी?" ती म्हणाली
आणि तो परत सरकवला.

धार लागली. तिने पिशवीतून सफरचंद काढलं,
दोरीनोच्या चाकूने तीन फोडी केल्या,
आम्हाला एकेक दिली,
आणि पातं न पुसताच मिटलं.
तीन युरो मोजले.
पावती मागितली.